यक्ष, गण आणि वामन : रामटेकची ठेंगणी मंडळी

जून १९५९. वॉल्ट डिस्नेच्या कंपनीचा एक खेळकर कौटुंबिक चित्रपट पडद्यावर आला. नाव 'डार्बी ओगिल अँड द लिटल पीपल', दिग्दर्शक रॉबर्ट स्टीव्हन्सन. आयर्लंडमधल्या एका खेड्यातला बोलघेवडा म्हातारा डार्बी टेकडीच्या पोटात जाऊन पडतो. तिथे वीतभर उंचीच्या जादूगार लोकांचे राज्य असते. त्यांचा राजा ब्रायन डार्बीच्या तावडीत सापडतो आणि सुटकेच्या मोबदल्यात त्याला तीन वर द्यावे लागतात. नायिकेच्या प्रियकराचे काम केलेला तरुण नट तेव्हा फारसा कुणाला ठाऊक नव्हता. त्याचे नाव शॉन कॉनरी. जेम्स बाँड व्हायला त्याला अजून तीन वर्षे होती.

योगायोग असा की त्याच वर्षी भारतीय पुरातत्त्व खात्याच्या 'एन्शंट इंडिया' या नियतकालिकाच्या १५ व्या अंकात म. ना. देशपांडे यांचा पितळखोरे लेण्यांवरचा विस्तृत लेख छापून आला. पितळखोरे म्हणजे कन्नड तालुक्यातली, गौताळ्याच्या रानातली प्राचीन बौद्ध लेणी. तिथल्या दगडमातीच्या ढिगाऱ्यातून जे शिल्पधन वर आले त्यात एक ठेंगणा यक्ष होता. ढेरपोट्या, आखूड पायांचा, डोक्यावर दोन्ही हातांनी पात्र तोलून धरलेला, आणि ओझ्याखाली असूनही तोंडभर हसणारा. त्याच्या पंजाच्या मागच्या बाजूवर घडवणाऱ्याने स्वतःचे नाव कोरले आहे : कान्हदास, आणि व्यवसाय सोनाराचा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पावर कारागिराची अशी सही फार क्वचित मिळते. हे शिल्प आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

परीकथेतली छोटी माणसे ही युरोपची मिरास आहे, आपल्याकडे राक्षस आणि भुते तेवढी, असा एक समज गलिव्हरच्या गोष्टी वाचून वाढलेल्या पिढ्यांमध्ये आहे. तो तपासायला नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर असलेले रामटेक पुरेसे आहे.

रामटेकच्या गडमंदिराकडे जाणारा माणूस रामाच्या दर्शनाला जातो. संस्कृतचा विद्यार्थी कालिदास स्मारकाकडे वळतो. दोघांच्याही वाटेत ठेंगणी मंडळी उभी आहेत. पहिला आहे तो यक्ष. कुबेराच्या चाकरीत चूक केल्याबद्दल वर्षभर हद्दपार झालेला, पत्नीच्या विरहाने झुरणारा आणि आषाढातल्या ढगालाच निरोप्या करून धाडणारा. 'मेघदूता'तील त्याचे वनवासाचे ठिकाण 'रामगिरी'. टीकाकार मल्लिनाथाने रामगिरी म्हणजे चित्रकूट मानले. छत्तीसगडातल्या सरगुजा भागातील रामगढचाही पक्ष घेतला गेला. होरेस विल्सनने मात्र १८१३ मध्ये कलकत्त्याहून 'मेघदूता'चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हाच नागपूरजवळच्या या टेकडीकडे बोट दाखवले होते. पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ताम्रपट आणि भूगोल यांच्या आधारे रामटेकची बाजू भक्कम केली.

त्यातला सर्वांत बोलका पुरावा अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या ताम्रपटाचा. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिने तो 'रामगिरिस्वामी'च्या पायापासून दिला आहे, आणि वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे आजचे नगरधन रामटेकच्या पायथ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. कालिदासाच्या रामगिरीच्या उतारावरही रघुपतीची वंद्य पावले उमटलेली आहेत. राणीच्या ताम्रपटात आणि कवीच्या काव्यात, दोन्हीकडे डोंगराची ओळख पावलांवरून होते, हे ध्यानात ठेवावे. पावलांचा विषय पुढे पुन्हा येणार आहे.

आता प्रश्न असा : कालिदासाचा यक्ष दिसायला कसा होता? विरहाने त्याचे मनगट इतके बारीक झाले की सोन्याचे कडे गळून पडले, एवढे कवी सांगतो. उंची सांगत नाही. आधुनिक चित्रकारांनी त्याला हटकून देखणा, उंचापुरा राजपुत्र केला. पण त्या काळच्या श्रोत्याने 'यक्ष' हा शब्द ऐकताच डोळ्यांसमोर काय आणले असेल, हे सांगणे इतके सोपे नाही. कारण यक्षांची रूपे मुळातच दोन. एक मथुरेजवळच्या पारखमच्या यक्षासारखे, माणसाहून कितीतरी उंच आणि छाताड काढून उभे असलेले. दुसरे पितळखोऱ्याच्या हसऱ्या हमालासारखे. खुद्द त्यांचा धनी कुबेर दुसऱ्या घराण्यातला. त्याच्या नावाची जुनी फोडच 'ज्याचे शरीर बेढब तो' अशी केली जाते. धनाचा स्वामी, आणि बांधा असा की पाहणाऱ्याला हसू यावे.

दोन्ही रूपे सुरुवातीपासून शेजारी शेजारी होती, पण पुढे एक गोष्ट घडली. गावोगावच्या पारांवर स्वतंत्रपणे पुजले जाणारे यक्ष मोठ्या देवांच्या आणि बुद्धाच्या दारात चाकरीला लागले. सांचीच्या पश्चिम तोरणाच्या तुळया ठेंगण्या यक्षांच्या हातांवर पेललेल्या आहेत. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात, जे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने खोदवले, छताच्या दगडी तुळयांखाली हेच गुबगुबीत लोक आधाराला दिले आहेत. स्वतंत्र देव मोठा असतो, चाकरीतला लहान होतो. देवळाच्या इमारतीत कोण कुठे उभा आहे यावरून त्याचे माप ठरते.

आयर्लंडमध्येही असेच घडले होते, हे कळले की मौज वाटते. तिथल्या जुन्या कथांमधले 'तुआथा दे दानान' हे पराक्रमी दैवी कुळ नव्या लोकांकडून हरल्यावर टेकड्यांच्या पोटात राहायला गेले, अशी परंपरा आहे. शतके लोटली, धर्म बदलला, आणि लोकांच्या सांगण्यात टेकडीतली ही मंडळी आकसत गेली. डिस्नेच्या पडद्यावर पोचेपर्यंत ती वीतभर झाली होती. डार्बीच्या मूळ गोष्टी हर्मिनी टेम्पलटन कॅव्हना या लेखिकेच्या, १९०३ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या. त्या पुस्तकाच्या नावात 'लहान लोक' नव्हेत, 'भले लोक' आहेत. भीती वाटते त्याला आदराने भले म्हणावे, ही खेड्यातली जुनी रीत. आपल्याकडे रात्री सापाचे नाव न घेता 'जनावर' म्हणतात, तसेच काहीसे.

रामटेकहून पश्चिमेला पाच-सहा किलोमीटरवर मनसर आहे. तिथल्या मातीच्या उंच ढिगाऱ्याला लोक 'हिडिंबा टेकडी' म्हणत आले. राक्षसिणीच्या नावाच्या या टेकडीतून निघाले काय, तर विटांचे भव्य देवालय आणि गणांची शिल्पे! १९९० च्या दशकापासून जगतपती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी येथे उत्खनन केले. डच अभ्यासक हान्स बॅकर यांनी हे देवालय वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे प्रवरेश्वर मंदिर असल्याचे मांडले, आणि ते मत आज बऱ्याच अभ्यासकांना पटलेले आहे. गण म्हणजे शिवाचे अनुचर. कुणी ढोल बडवतो, कुणी तोंड वेंगाडतो, कुणी नुसताच लोळतो. शिवाच्या दरबारी शिस्त अशी नाहीच. त्यांचा नायक तो गणपती, आणि त्याचा बांधाही गणांचाच. रामटेकच्या अठरा भुजांच्या गणेशाला भाविक नमस्कार करतात तेव्हा ते या ठेंगण्या सैन्याच्या सेनापतीलाच नमस्कार करत असतात.

मनसरचे सर्वांत प्रसिद्ध शिल्प उत्खननाच्या कितीतरी आधी, १९७२ मध्ये सापडले. तेही आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ऐसपैस बसलेली, गोल गुबगुबीत अंगाची, मोठ्या डोक्याची, मंद हसणारी ही मूर्ती खुद्द शिवाची मानली जाते. इथे मालकाने नोकराचा देह घेतला आहे. भारतीय शिल्पात शिव क्वचितच इतका लाघवी दिसतो. महादेवाला आपल्या गणांसारखा ठेंगणा आणि गरगरीत करण्याचे धाडस ज्या कारागिराने केले त्याने कान्हदासासारखी सही केली असती तर फार बरे झाले असते.

ही मूर्ती ठेंगणी दिसते ती कशामुळे? तिची उंची कमी म्हणून नव्हे. शिल्पशास्त्रात मापाचे एकक 'ताल', म्हणजे चेहऱ्याची लांबी. थोर देव नऊ किंवा दहा ताल उंच. गण, वामन आणि लहान मूल चार-पाच ताल. म्हणजे लहानपण हे आकाराचे नसून प्रमाणाचे आहे. चार ताल मापाचा गण डोंगराएवढा कोरला तरी तो ठेंगणाच दिसेल, आणि नऊ ताल मापाचा विष्णू तळहातावर मावला तरी भव्यच भासेल. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते, हे डोळ्यांना ठाऊक असते. शिल्पकार नेमके तेच वापरतो. म्हणून गणांकडे पाहून भीती वाटत नाही, माया वाटते.

डिस्नेच्या तंत्रज्ञांनी नेमका उलटा मार्ग घेतला. राजा ब्रायनचे काम करणारा जिमी ओडी हा चांगला वाढलेला प्रौढ माणूस. त्याला कॅमेऱ्यापासून दूर उभे केले आणि डार्बी झालेल्या आल्बर्ट शार्पला जवळ. चौपट अंतरावरचा माणूस पाव उंचीचा दिसतो, हे साधे गणित. दोघांमधली जमीन एकसंध भासेल असा देखावा बांधला, जवळच्या आणि दूरच्या वस्तू वेगवेगळ्या मापात केल्या, आणि दोन्ही नट एकाच वेळी स्पष्ट दिसावेत म्हणून प्रचंड प्रकाश ओतला. नटांना एकमेकांकडे पाहण्याची सोय नव्हती, प्रत्येकाने रिकाम्या हवेतल्या ठरलेल्या बिंदूकडे पाहून संवाद म्हणायचे. संगणकाचा मागमूस नसताना ही करामत इतकी साधली आहे की आजही सांधा सापडत नाही. तरी लक्ष देऊन पाहिल्यास एक गोष्ट जाणवते. ब्रायन लहान दिसतो, पण त्याचे प्रमाण पूर्ण वाढीच्या माणसाचेच आहे. तो दूरचा माणूस आहे. गण मात्र वेगळ्याच जातीचा जीव वाटतो. अंतराने केलेले लहानपण आणि तालाने केलेले लहानपण यांत हा फरक राहतो.

रामटेकच्या शिल्पकारांपुढे याहून अवघड काम होते. त्यांना एकाच दगडात लहानाचा मोठा होताना दाखवायचा होता.

टेकडीवर वाकाटक काळातली देवळे आहेत : केवल-नरसिंह, रुद्र-नरसिंह, अवाढव्य वराह, आणि त्रिविक्रम. शेवटच्या देवळाचे मंडपापुरते अवशेष उरले आहेत आणि मूर्ती भंगलेली आहे. यात्रेकरू सहसा तिकडे फिरकत नाहीत. पण महाराष्ट्रातल्या अतिप्राचीन त्रिविक्रम मूर्तींत तिची गणना होते. बदामीचे गाजलेले त्रिविक्रम सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातले, म्हणजे रामटेकनंतर शंभराहून अधिक वर्षांनी कोरलेले.

कथा सर्वांना ठाऊक आहे. बळीच्या यज्ञात छत्री आणि कमंडलू घेतलेला एक बुटका बटू येतो आणि तीन पावले जमीन मागतो. बळी हसून हो म्हणतो. मग बटू वाढतो. एका पावलात पृथ्वी, दुसऱ्यात आकाश, आणि तिसरे बळीच्या मस्तकावर. आयर्लंडच्या टेकडीत माणूस ठेंगण्याकडून तीन वर मागतो. रामटेकच्या टेकडीवर ठेंगणा राजाकडून तीन पावले मागतो. दोन्हीकडे तीनच, आणि दोन्हीकडे शब्दात फसगत. चित्रपटात चौथा वर मागितला की आधीचे तिन्ही रद्द होतात, या नियमाच्या जोरावर ब्रायन डार्बीला गाफील गाठतो. फरक एवढाच की डार्बी घरी परततो आणि बळी पाताळात जातो.

ही मूर्ती रामटेकला कुणासाठी हवी होती? इथे इतिहास गोष्टीहून गंभीर होतो. प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची मुलगी आणि वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी. पती अकाली गेला तेव्हा मुले अज्ञान होती. तिने युवराज दिवाकरसेनाच्या नावाने कारभार हाती घेतला. पुण्यात मिळालेल्या तिच्या ताम्रपटावर या कारभाराचे तेरावे वर्ष नोंदलेले आहे, आणि तेव्हाही दिवाकरसेन 'युवराज'च आहे. पुढे तो अभिलेखांतून नाहीसा होतो, आणि रिद्धपूरचा पट दुसरा प्रवरसेन या दुसऱ्या मुलाच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला आहे. मधल्या काळात राजवाड्यात काय घडले ते पट सांगत नाहीत. एवढे मात्र निश्चित की विदर्भाचे राज्य तेरा वर्षे किंवा अधिक काळ एका लहान मुलाच्या नावाने आणि एका विधवा राणीच्या हिमतीवर चालले. आजूबाजूचे मांडलिक आणि शेजारी त्या मुलाकडे बळीने बटूकडे पाहिले तसेच पाहत असतील.

१९८० च्या दशकाच्या आरंभी केवल-नरसिंह मंदिराच्या भिंतीवरचा थर निघाला आणि खाली वाकाटकांचा शिलालेख दिसला. तो बराच झिजला आहे, पण प्रभावतीच्या मुलीने आईच्या पुण्यस्मरणार्थ देवालय उभारल्याचा आशय अभ्यासक त्यातून लावतात. अशा घराण्याने आपल्या पवित्र टेकडीवर विष्णूचे कोणते रूप निवडले? बटूचा विराट झालेला. हा निव्वळ योगायोग असू शकतो, कारण त्रिविक्रम हा गुप्तकाळातला लोकप्रिय अवतार होता. पण अज्ञान मुलाला गादीवर टिकवून धरलेल्या आईच्या टेकडीवर त्याला वेगळा अर्थ आला असेल, असे मानायला जागा आहे.

शिल्पातली अडचण अशी सोडवली जाई. चार तालांचा वामन आणि नऊ तालांचा त्रिविक्रम एकाच पटावर येत. बदामीच्या दुसऱ्या लेण्यात हे स्वच्छ दिसते : खाली छत्री धरलेला बटू, आणि त्याच्याच वर पाय उचललेला विराट. काळ दगडात दाखवता येत नाही, म्हणून तोच देव दोन मापांत दोनदा कोरायचा. बाकीची पात्रे विराटाच्या गुडघ्याशीही पोचू नयेत इतकी लहान केली की उरलेले काम पाहणाऱ्याची नजर करते. त्याच लेण्यांच्या जोत्यावर गणांच्या लांबच लांब ओळी नाचताहेत, जणू वरचे भव्य नाट्य त्यांच्याच खांद्यावर चालले आहे.

महाराष्ट्राने मात्र ही कथा जशीच्या तशी गिळली नाही. दिवाळीच्या पाडव्याला इथल्या बायका वामनाचा जयजयकार करत नाहीत. 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' असे म्हणतात. शेतकऱ्याला 'बळीराजा' म्हणण्याची रीत याच मातीतली. १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी'त ही गोष्ट उलटी करून वाचली. त्यांच्या मांडणीत बळी हा प्रजेचा न्यायी राजा आणि वामन हा कपटाने राज्य बळकावणारा परका. बटू लहान होता म्हणून तो निरुपद्रवी होता काय, हा फुल्यांचा प्रश्न रामटेकच्या मूर्तीसमोर उभे राहून विचारण्यासारखा आहे. राजघराण्याने त्या वाढत्या देहात आपले भाग्य पाहिले. पायाखाली गेलेल्यांच्या वंशजांनी त्याच देहात आपली फसवणूक पाहिली.

ठेंगण्यांना हसणाऱ्यांचीही एक परंपरा आहे आणि ती फारशी भूषणावह नाही. संस्कृत नाटकांत राजाच्या अंतःपुरात वामन आणि कुब्ज सेवक असतात. हर्षाच्या 'रत्नावली'त माकड सुटते तेव्हा घाबरलेला बुटका सेवक कंचुकीच्या झग्यात शिरतो आणि प्रेक्षक हसतात. त्या हसण्यामागे पोटासाठी दरबारात राहिलेली खरी माणसे होती. उलट महाभारतातल्या वालखिल्यांची गोष्ट आहे. अंगठ्याएवढे हे ऋषी कश्यपाच्या यज्ञासाठी सगळे मिळून पळसाची एक काडी ओढत निघाले आणि गायीच्या खुराच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यात अडखळले. इंद्र हसला आणि त्यांना ओलांडून पुढे गेला. वालखिल्यांनी रागाने दुसरा इंद्र निर्माण करायला घेतला. कश्यपाने मध्यस्थी केली म्हणून इंद्राचे पद वाचले, पण त्या तपातून गरुड जन्मला आणि त्याने पुढे इंद्रालाच झुंजीत नमवले.

रामटेकला आषाढाचा पहिला दिवस कालिदासाच्या नावाने साजरा होतो. गावात १९९७ पासून त्याच्या नावाचे संस्कृत विद्यापीठही आहे. 'मेघदूता'च्या पूर्वार्धात ढग हिमालयात क्रौंच पर्वताच्या खिंडीतून पुढे सरकतो तेव्हा कवीला एक उपमा सुचते : खिंडीतून आडवा लांबलेला तो सावळा मेघ बळीला जिंकण्यासाठी उचललेल्या विष्णूच्या पायासारखा दिसेल. कुबेराच्या चाकरीतला यक्ष ढगाला हे सांगतो आहे ते रामगिरीवर बसून. ती टेकडी रामटेकच असेल, तर त्याच टेकडीवर वाकाटकांचा त्रिविक्रम आहे. पावसाळ्यात त्याच्या मोडक्या मंडपावरून अंबाळा तलावाच्या दिशेने ढग उतरतात, तेव्हा बहुतेक लोक गडमंदिराच्या पायऱ्या चढत असतात.